मुका पट

अठ्ठावीस चिंचोके घ्या. फरशीवर खडूनं एका ओळीत सात वर्तुळं काढा आणि डावीकडून सुरुवात करून त्यांत सात, सहा, पाच, चार, तीन, दोन, एक असे चिंचोके ठेवा. आता सातांचा ढीग उचला आणि शेजारच्या वर्तुळापासून एकेक चिंचोका टाकत चला. ओळ संपली की शेवटचा चिंचोका फिरून त्याच रिकाम्या वर्तुळात पडेल. आता मांडणी बघा: एक, सात, सहा, पाच, चार, तीन, दोन. आधीचीच आहे, फक्त एक घर उजवीकडे सरकलेली. पुन्हा सातांचा ढीग उचला, पुन्हा पेरा. सात खेपांनी सगळं निघालं होतं तिथं परत येतं. यात हरजीत नाही आणि डाव संपतही नाही. कंटाळा आला की उठायचं.

तमिळ घरांतल्या पल्लांगुळीचं हे अर्धं अंग. पूर्ण पटाला सात-सात खळग्यांच्या दोन ओळी असतात, चौदा खळगे. त्यात चिंचोके, कवड्या नाहीतर रतनगुंजेच्या लाल बिया पेरत जायचं. खेळ दोघींचा, पण एकटीनं खेळायचा प्रकारही आहे आणि त्याला सीता पांडी म्हणतात. अशोकवनात सीता एकटी हा खेळ खेळत बसायची, असं तिकडच्या आज्या सांगतात. घरोघरी नियम बदलतात. वरची मांडणी मी निवडली ती त्यातलं गणित उघडं दिसतं म्हणून. मला सीतेच्या कथेतलं एवढंच महत्त्वाचं वाटतं, की एकट्यानं पटावर बसणं ही अलीकडची, पडद्यासमोरची सवय आहे हा समज तिच्यामुळे खोटा ठरतो. खळगे दगडात कोरायचे तर आपल्याकडेही कुणी कसूर केलेली नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत किंवा नाणेघाटात हिंडताना पायाखाली नीट बघितलं तर असले पट सापडतात. वाट बघत बसलेला माणूस ते कोरत असणार, आणि वाट बघणारा माणूस बहुधा एकटाच असतो.

चेन्नईत विनिता सिद्धार्थ यांनी २००२ साली ‘क्रीडा’ सुरू केली आणि पल्लांगुळी, आडु पुलि आट्टम, दायकट्टम, परमपदम असे खेळ पेटीत घालून दुकानात आणले. काम वाटतं तितकं सरळ नव्हे. आज्यांना नियम विचारले तर प्रत्येक आजी वेगळे सांगणार. एकीच्या घरी खळग्यात चार बिया जमल्या की ती ‘पसू’, म्हणजे गाय, आणि ती त्या खळग्याच्या मालकिणीनं लगेच उचलायची. दुसरीकडे सुरुवातीला किती बिया घालायच्या इथूनच मतभेद. पेटीतल्या कागदावर मात्र एक नियम छापावा लागतो, फार तर दोन-तीन. उरलेले कुठं जातात? ते पटाला माहीत नसतात, कारण पटाला कुठलाच नियम माहीत नसतो. लाकडाची फळी, चौदा खड्डे. तुम्ही सहा बिया घाला, बारा घाला, उलट्या दिशेनं पेरा, अर्ध्यात नियम बदला. फळी चकार शब्द काढत नाही.

या प्रकरणात ज्या साधनाबद्दल बोलायचं आहे, ते म्हणजे संगणकावर आणलेली ही मुकी फळी. ते दिसायला इतकं साधं असतं की पहिल्यांदा बघणाऱ्याला फसवल्यासारखं वाटतं. पडद्यावर एक रिकामी पृष्ठभूमी. तिच्यावर चित्र टाकलं की तो पट झाला. छोटी चित्रं टाकली की सोंगट्या. पत्त्यांचा गठ्ठा, फासे, नोंदीसाठी एक कोपरा. सोंगटी बोटानं किंवा माऊसनं कुठंही सरकते, अगदी पटाबाहेरही. संगणक ‘असं चालत नाही’ म्हणत नाही. बुद्धिबळाचा उंट घोड्यासारखा उडवा, तो उडतो.

या घराण्यातली सगळ्यात ओळखीची वडीलधारी मंडळी दोन. एक ‘वासल’. रॉडनी किनी यानं ‘ॲडव्हान्स्ड स्क्वाड लीडर’ या एकाच किचकट युद्धखेळासाठी ते लिहिलं आणि मग कुठलाही खेळ मांडता येईल असं मोकळं केलं. ते फुकट आहे, उगमसंहिता खुली आहे, आणि त्यातला प्रत्येक खेळ म्हणजे चित्रं आणि मांडणी बांधलेली एक झिप फाईल. दुसरं २०१५ चं ‘टेबलटॉप सिम्युलेटर’. त्यात वस्तूंना वजन आहे, फासे घरंगळतात, आणि हरलेल्याला आख्खं टेबल उलथून टाकायची खास सोय आहे. पण खरं सांगायचं तर आपल्यातल्या बहुतेकांनी पडद्यावरचा पहिला एकट्याचा पट बघितला तो १९९० च्या विंडोज ३.० मधला सॉलिटेअर. वेस चेरी या शिकाऊ मुलानं तो लिहिला, सुझन केअरनं पत्ते काढले, आणि कचेऱ्यांतल्या लोकांनी माऊसनं उचलणं-ओढणं-सोडणं त्यावर गिरवलं. फरक एवढाच की सॉलिटेअरला नियम ठाऊक होते. लाल सत्तीवर लाल छक्की ठेवायला तो देत नसे.

मुक्या पटाच्या पोटात काय असतं हे बघण्यासारखं आहे, कारण तिथं जवळजवळ काहीच नसतं. प्रत्येक वस्तूमागे एक ओळ: कुठलं चित्र, आडवी जागा, उभी जागा, किती अंशांत वळलेली, कुणाच्या वर, उलटी की सुलटी. एवढ्या ओळी साध्या मजकुरात लिहिल्या की झाला डाव ‘सेव्ह’. पुन्हा वाचल्या की डाव समोर. मागचं पाऊल परत घ्यायचं असेल तर आधीच्या ओळी ठेवून दिल्या की पुरे. हुशार विद्यार्थी एवढं दोन शनिवार-रविवारांत लिहू शकतो. मात्र दोन जागी तो हमखास घसरतो: फासे आणि पत्ते पिसणं.

आधी फासे. दायकट्टमचा फासा आपल्या ल्युडोसारखा घन नसतो. पितळेच्या दोन लांबट कांड्या असतात, प्रत्येकीला चार बाजू: एक, दोन, तीन टिंबं आणि एक कोरी. दोन्ही कांड्या हातांत घोळवून टाकायच्या आणि बेरीज घ्यायची. दोन्ही कोऱ्या पडल्या तर मात्र शून्य नव्हे, बारा. बेरीज एक आली की ‘दायम’, त्याशिवाय सोंगटी घरातून निघत नाही. एकूण सोळा शक्यता. त्यांपैकी बारा पडायची एकच, सहाची एकच, दायमच्या दोन, आणि तीन पडायच्या सगळ्यात जास्त, चार. म्हणजे खेळात शिरायला सरासरी आठ वेळा फासे टाकावे लागणार; म्हणून दायकट्टमच्या सुरुवातीला एवढी आदळआपट. आता ज्या सॉफ्टवेअरमध्ये फासा म्हणजे एक ते सहा एवढंच गृहीत आहे, त्यात हा खेळ मांडताच येत नाही. मांडला तर दायमची शक्यता सहात एक होते, म्हणजे आठात एकपेक्षा सरळ जास्त, आणि खेळाचा सुरुवातीचा सगळा तणाव निघून जातो. साध्या साधनाला इथं एकच गोष्ट यावी लागते: फाशाच्या बाजूंवर काय लिहायचं ते खेळणाऱ्यानं ठरवायचं. कोरी, एक, दोन, तीन. झालं.

कवड्यांचं आणखी अवघड. कवडी उताणी पडते की पालथी, यातल्या दोन्ही शक्यता सारख्या नसतात. शिंपल्याचा आकारच एकांगी. आणि प्रत्येक कवडीचा कल वेगळा. आज्जीच्या डब्यातल्या सहा कवड्या संगणकात उतरवायच्या तर आधी त्या शंभरेक वेळा टाकून नोंद ठेवायला हवी. हे मी एकदा केलं आहे. घरच्यांनी त्यावर काय म्हटलं ते इथं लिहीत नाही.

आता पत्ते पिसणं. समजा तीनच पत्ते आहेत. प्रोग्राम लिहिणारा नवशिका म्हणतो, पहिल्या जागेचा पत्ता कुठल्याही एका जागेशी बदलू, मग दुसऱ्या जागेचा कुठल्याही जागेशी, मग तिसऱ्याचा. ऐकायला भरपूर पिसल्यासारखं वाटतं. मोजून बघा. प्रत्येक वेळी तीन पर्याय, तीन वेळा: एकूण सत्तावीस वाटा. पण तीन पत्त्यांच्या मांडण्या सहाच. सत्ताविसाला सहानं भाग जात नाही. म्हणजे सहा मांडण्यांना सारखा वाटा मिळणं शक्यच नाही. तीन मांडण्या पाच-पाच वाटांनी येतात, तीन चार-चार वाटांनी. पत्ते वाढले तरी हा पक्षपात सुटत नाही. बरोबर रीत जुनी आहे: रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ती १९३८ साली कागदावर करण्यासाठी दिली आणि रिचर्ड डर्स्टनफेल्डनं १९६४ मध्ये संगणकासाठी बेतली. पहिल्या जागेसाठी सगळ्यांतून एक निवडा, दुसऱ्या जागेसाठी उरलेल्यांतून, आणि आधी निवडलेल्याला पुन्हा हात लावू नका. तीन गुणिले दोन गुणिले एक, सहा वाटा, सहा मांडण्या. मुक्या पटाकडून प्रामाणिकपणाची अपेक्षा असते ती इथं. बाकी सगळीकडे तो अडाणी असलेला चालतो.

एकट्यानं खेळणाऱ्याची अडचण मात्र सॉफ्टवेअरमध्ये नसते, ती डोक्यात असते. आडु पुलि आट्टम घ्या. आपल्या वाघबकरीचा तमिळ भाऊ. त्रिकोणी पटावर तेवीस बिंदू, तीन वाघ, पंधरा बकऱ्या. बकऱ्या एकेक करून पटावर येतात आणि वाघांना कोंडायला बघतात. वाघ उडी मारून बकरी खातो. मी चेन्नईच्या एका भाड्याच्या खोलीत हा पट पडद्यावर मांडून दोन्ही बाजूंनी खेळायचो. बकऱ्यांची चाल करताना वाघाच्या मनातलं मला ठाऊक, वाघाची करताना बकऱ्यांचं. आणि माणूस निःपक्ष नसतोच. माझा ओढा बकऱ्यांकडे. वाघाच्या चाली मी नकळत सुस्त करायला लागलो आणि बकऱ्या जिंकत राहिल्या. डाव सेव्ह करून दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा कळलं, वाघानं दोनदा सरळ समोरची बकरी सोडली होती.

यावर खेळकऱ्यांनी काढलेला तोडगा असा, की एका बाजूचं डोकं काढून घ्यायचं आणि त्या जागी नियम ठेवायचा. वाघासाठी मी लिहिला: खाता येत असेल तर खा; येत नसेल तर जिथून जास्त वाटा मोकळ्या दिसतात तिथं जा; बरोबरी झाली तर फासा टाक. तीन ओळी. हल्लीच्या पटखेळांत याचं मोठं शास्त्र झालं आहे. मॉर्टन मोनराड पेडरसन या डॅनिश रचनाकारानं ‘ऑटोमा’ नावाची पद्धत रूढ केली. प्रतिस्पर्ध्याऐवजी पत्त्यांची छोटी गड्डी, एक पत्ता उलटला की ‘तो’ काय करतो ते कळतं. पण माझ्या तीन ओळींच्या वाघानं मला खेळाबद्दल जे शिकवलं ते दहा माणसांबरोबर खेळून कळलं नसतं. हा वाघ हावरा आहे. त्याला एक बकरी देऊन कोपऱ्यात ओढता येतं आणि मागून वाट बंद करता येते. मग प्रश्न आला: पंधराऐवजी चौदाच बकऱ्या असत्या, तर एक बळी देणं परवडलं असतं का? पेटीतल्या खेळात हा प्रश्न विचारणं जड जातं. पडद्यावर एक चित्र उचलून बाहेर टाकायचं, आणि खेळणारा त्या क्षणी रचनाकार होतो.

रचनाकारांचं मुक्या पटावर प्रेम असतं ते यासाठी. नियम जाणणारं सॉफ्टवेअर बनवायचं तर आधी नियम पक्के हवेत, आणि नवा खेळ रचणाऱ्याकडे नेमकं तेच नसतं. सोमवारी उंट दोन घरं जातो, मंगळवारी तीन, बुधवारी उंटच नको होतो. दर वेळी प्रोग्राम नव्यानं लिहायचा म्हटलं तर खेळ राहतो बाजूला. पत्त्यांचे खेळ करणारे त्यासाठी नॅनडेकसारखं साधन वापरतात: सगळ्या पत्त्यांवरचा मजकूर एका तक्त्यात, तक्त्यातला आकडा बदलला की पत्ता नव्यानं छापून तयार. कात्री आणि डिंकातला वेळ वाचतो. डोक्यातला वाचत नाही.

हे सगळं चेन्नईत, बुद्धिबळाच्या शहरात सांगताना जरा धाकधूक वाटते, कारण तिथं बोलक्या पटाची मोठी परंपरा आहे. विश्वनाथन आनंद मद्रासच्या सोव्हिएत सांस्कृतिक केंद्रातल्या मिखाईल ताल क्लबात खेळला. लहानपणी वडिलांच्या नोकरीमुळे तो काही काळ मनिलात होता. तिथल्या टीव्हीवर दुपारी बुद्धिबळाचा कार्यक्रम लागे, तेव्हा तो शाळेत. आई कार्यक्रमातली कोडी उतरवून ठेवायची आणि संध्याकाळी दोघं मिळून सोडवायची. मुलानं इतकी बक्षिसं जिंकली की शेवटी हवी ती पुस्तकं घेऊन जा, पण आता उत्तरं पाठवू नकोस, असं त्याला सांगण्यात आलं. आनंद १९८७ च्या डिसेंबरात ग्रँडमास्टर झाला, आणि हॅम्बर्गच्या चेसबेसचं पहिलं रूप अटारी संगणकावर आलं तेही त्याच वर्षी. डावांचा साठा, हवी ती स्थिती क्षणात समोर. आधी पट फक्त लक्षात ठेवत होता. पुढे चाली जोखणारी इंजिनं आली आणि तो उत्तरंही द्यायला लागला.

आणि तरी दोम्माराजू गुकेश. २०२४ च्या १२ डिसेंबरला सिंगापूरमध्ये डिंग लिरेनला साडेसात विरुद्ध साडेसहा गुणांनी हरवून तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी त्याला सुमारे अडीच हजार गुणांकनापर्यंत इंजिनापासून लांब ठेवलं होतं. ज्या वयात बाकीची मुलं प्रत्येक चालीनंतर पडद्याच्या कडेचा आकडा बघत होती, त्या वयात हा मुलगा पटाकडे बघत होता आणि पट काही सांगत नव्हता. याच एका कारणानं तो जिंकला असं मी म्हणणार नाही. पोराच्या बुद्धीचा आणि घरच्यांच्या त्यागाचा वाटा कुणी मोजायचा? पण इंजिन उत्तर देतं तेव्हा प्रश्न संपतो, हे मला पटतं. चाल वाईट होती एवढं कळतं. का वाईट होती हे शोधायची गरज उरत नाही.

बोलक्या पटाची खरी गरज पडते ती शेवटी, निकालासाठी. त्याचं उदाहरण या शहराचंच नाव लावून फिरतं. १९७९ साली अब्दुल जब्बार करवतकर या कोडी रचणाऱ्या माणसानं बुद्धिबळात एक नियम घातला आणि त्याला जगभर ‘मद्रासी’ म्हणतात. नियम असा: राजे सोडून, एखाद्या मोहऱ्यावर समोरच्या बाजूच्या त्याच जातीच्या मोहऱ्याचा मारा असेल तर ते लुळं पडतं. त्याला हलता येत नाही, मारता येत नाही, शह देता येत नाही. पांढरा हत्ती आणि काळा हत्ती एका ओळीत समोरासमोर आले की दोघेही जागच्या जागी गार. मग तुम्ही दोघांच्या मध्ये एक प्यादं सरकवता आणि दोघांत एकदम जीव येतो. नेहमीच्या बुद्धिबळात मधे मोहरं घातलं की वाट अडते. इथं ते घातल्यानं बाजूच्या सगळ्या वाटा मोकळ्या होतात. एका वाक्याच्या नियमात केवढी उलथापालथ आहे बघा.

असल्या कोड्यांना प्रतिस्पर्धी नसतो. रचणारा एकटा, सोडवणारा एकटा. हिंदुस्थानातून असं कोडं पाठवायची रीतही जुनी: १८४५ साली दिल्लीहून ‘शागिर्द’ या टोपणनावानं हेन्री लव्हडे या पाद्रीनं लंडनच्या ‘चेस प्लेअर्स क्रॉनिकल’ला चार चालींत मात करायचं कोडं धाडलं, आणि त्यातल्या कल्पनेला आजही ‘इंडियन थीम’ म्हणतात. त्याच्याही आधी, १८१४ मध्ये मुंबईत छापलेलं त्रिवेंगडाचार्य शास्त्री या दाक्षिणात्य पंडिताचं पुस्तक आहे. संस्कृतातून इंग्रजीत आणलेलं, आणि त्यात मुख्यतः अशाच मांडलेल्या स्थिती.

कोडं रचणाऱ्याला एका गोष्टीची दहशत असते: दुसरं उत्तर. तुम्ही महिनाभर खपून तीन चालींतली सुंदर मात बसवता आणि कुणीतरी पत्र लिहितं की वजिरानं ती पहिल्याच चालीपासून साध्या वाटेनंही होते. कोडं गेलं. हे तपासायला मुका पट निरुपयोगी. त्यासाठी ‘पॉपाय’ आहे: १९८० च्या दशकात सुरू झालेला, अनेकांनी वाढवत नेलेला, फुकट मिळणारा कोडीतपासनीस. त्याला मद्रासीसकट असंख्य विचित्र नियम ठाऊक आहेत. स्थिती लिहा, ‘मद्रासी’ ही अट घाला, किती चाली ते सांगा; तो प्रत्येक शक्यता चाळून सगळी उत्तरं ओळीनं काढतो. मास्ट्रिख्तच्या कॅमेरॉन ब्राउन यांचं ‘लुडी’ याहून पुढे जातं. त्यात खेळाचे नियमच छोट्या छोट्या शब्दांत लिहायचे आणि संगणकाला संगणकाविरुद्ध खेळवून बघायचं. जगभरातले हजारावर खेळ, बिया पेरायचे खेळ धरून, त्यात आहेत. पण पॉपायला काय किंवा लुडीला काय, नियम आधी सांगावा लागतो. तो सुचेपर्यंत ते तुमची वाट बघत बसतात.

मद्रासी शिकताना मी ते मुक्या पटावर मांडलं होतं. तीन दिवसांत चारदा मी लुळा हत्ती उचलून पुढे नेला; पट काही बोलला नाही. चौथ्यांदा चूक लक्षात आली तेव्हा हत्ती एक घर पुढे ठेवून हात थांबला होता. समजा लुळ्या मोहऱ्याला एकच घर सरकायची मुभा दिली तर? समोरासमोरचे दोन हत्ती मग म्हातारे पहिलवान दंगलीत एकमेकांकडे सरकावेत तसे घराघरानं जवळ येतील, आणि अगदी खेटल्यावर? तिथं मारायची परवानगी द्यायची की नाही, हे मी अजून ठरवलेलं नाही. फाईल सेव्ह करून ठेवली आहे. पांढरा हत्ती चौथ्या घरात आहे, काळा सातव्या.